बांधकाम संस्थेची परिपक्वता कशी जोखावी

मालक साइटवर असताना आणि नसताना काम सारख्याच दर्जाचे होते का, आणि एका साइटवर झालेली चूक पुढच्या साइटवर टळते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून बांधकाम संस्थेची परिपक्वता ठरते. उलाढाल, कर्मचारीसंख्या, ट्रान्झिट मिक्सरांचा ताफा किंवा कार्यालयातली काचेची भिंत यांवरून ती कळत नाही. तीस माणसांची संस्था परिपक्व असू शकते आणि तीनशे माणसांची संस्था रोज नव्याने धडपडत असू शकते. मूल्यमापन म्हणजे हे दोन प्रश्न पुराव्यानिशी तपासण्याची शिस्तबद्ध रीत.

ही कल्पना बांधकामातून आलेली नाही. फिलिप क्रॉसबी या अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञाने १९७९ मध्ये उद्योगसंस्थांच्या गुणवत्ताविषयक समजेच्या पाच पायऱ्या मांडल्या. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत वॉट्स हम्फ्री यांनी त्याच धर्तीवर सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी पाच पातळ्यांचे प्रारूप उभे केले. त्यामागची गरज अगदी ठेकेदारीतली होती: संरक्षण खात्याला काम देण्याआधी ठेकेदार ते वेळेत आणि नीट करील का, हे ओळखायचे होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठाने हेच प्रारूप बांधकामाला लावून पाहिले आणि त्याला ‘स्पाइस’ असे नाव दिले. त्यातले दोन नियम आपल्याकडच्या ठेकेदारांनाही लागू पडतात. पहिला, पायरी गाळून वर जाता येत नाही. दुसरा, एखाद्या पातळीच्या सर्व मुख्य प्रक्रिया जमल्याशिवाय ती पातळी मिळत नाही.

बांधकामात ही मोजणी कारखान्यापेक्षा अवघड असते. कारखान्यात यंत्र, जागा आणि माणसे तीच राहतात. बांधकामात प्रत्येक कामाला जमीन नवी, आर्किटेक्ट नवा, सेंट्रिंगची टोळी नवी. काम संपले की सगळे पांगतात आणि त्यांच्याबरोबर त्या कामात कमावलेले शहाणपणही निघून जाते. म्हणून संस्थेचे मूल्यमापन एका साइटवरून करता येत नाही.

साजगावच्या पट्ट्यातले चित्र

ही मोजणी प्रत्यक्षात कशी करावी हे पाहायला एक पट्टा उदाहरणादाखल घेऊ. साजगाव हे रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातले, खोपोलीला लागून असलेले गाव. जवळच्या ताकईला कार्तिकी एकादशीपासून भरणाऱ्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेमुळे आणि तिथल्या सुक्या मासळीच्या बाजारामुळे ते रायगडात ओळखीचे आहे. बांधकामाच्या दृष्टीने मात्र या पट्ट्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे. इथे तीन जातींच्या संस्था शेजारी शेजारी काम करतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या खोपोली ते कुसगाव या सुमारे १३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’सारख्या कामांवर राष्ट्रीय पातळीवरच्या कंपन्या असतात. त्यांच्याकडे गुणवत्ता, सुरक्षितता, नियोजन आणि करार यांचे स्वतंत्र विभाग असतात. दुसऱ्या जातीत खोपोली, कर्जत, नेरळ आणि चौक या भागात गृहसंकुले, सेकंड होमचे बंगले आणि औद्योगिक शेड बांधणारे मध्यम विकासक आणि ठेकेदार येतात. तिसरी जात मुकादमकी करता करता ठेकेदार झालेल्यांची. घरकुल, संरक्षक भिंत, गटार, अंतर्गत रस्ता अशी कामे त्यांच्याकडे असतात, हिशेब बहुधा डायरीत आणि निर्णय फोनवर.

तिघांनाही एकच मोजपट्टी लावता येते, पण पुराव्याचे स्वरूप तेच मागू नये. मोठ्या कंपनीकडून संगणकीय अहवाल मागणे रास्त आहे. तिसऱ्या जातीच्या ठेकेदाराची तारीखवार लिहिलेली, पाने न फाडलेली डायरी हासुद्धा पक्का पुरावा असतो. मोठ्यांचे तक्ते छोट्यांवर लादले की छोटा ठेकेदार एक मुलगा नेमून तक्ते भरून घेतो आणि काम पूर्वीसारखेच चालते.

पाच पातळ्या, एका बोल्टच्या निमित्ताने

पातळ्यांची नावे पाठ करण्यापेक्षा एखादे ठरावीक काम धरून त्या पाहिलेल्या बऱ्या. औद्योगिक शेडच्या पायातले अँकर बोल्ट हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. कारखान्यात तयार झालेला लोखंडी कॉलम साइटवर येतो, त्याच्या तळपट्टीला भोके पाडलेली असतात आणि ती काँक्रीटमध्ये आधीच बसवलेल्या बोल्टवर बरोबर बसावी लागतात. काँक्रीट भरताना, विशेषतः व्हायब्रेटर लावताना, बोल्ट थोडे जरी सरकले तरी कॉलम बसत नाही.

पहिल्या पातळीवरची संस्था कॉलम आल्यावर जागी होते. क्रेन भाड्याची, ती ताटकळलेली; मग गॅस कटरने भोक मोठे करायचे किंवा बोल्टला हातोडा मारून वाकवायचे. काम उरकते, बिलही निघते. चुकीची नोंद कुठेच नसते, त्यामुळे पुढच्या शेडवर तीच क्रेन पुन्हा ताटकळते. कधी काम झकास होते, पण ते एखाद्या जुन्या फोरमनमुळे. तो फोरमन दुसरीकडे गेला की दर्जाही जातो.

दुसऱ्या पातळीवर त्या साइटचा इंजिनीअर लोखंडी पट्टीचे टेम्प्लेट करून घेतो, बोल्ट त्यात घट्ट बसवतो आणि भरण्याआधी दोरी लावून अंतरे तपासतो. त्याच्या साइटवर चूक होत नाही. शेजारच्या साइटवर त्याच संस्थेचा दुसरा इंजिनीअर मात्र बोल्ट नुसते सळईला बांधून मोकळा होतो. शिस्त साइटपुरती आहे, संस्थेची नाही.

तिसऱ्या पातळीवर टेम्प्लेट हा संस्थेचा नियम होतो. भरण्याआधी आणि भरल्यावर काँक्रीट ओले असतानाच मोजमाप घ्यायचे, दोन्ही आकडे तपासणीपत्रकावर लिहायचे आणि सही झाल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. नवा इंजिनीअर आला तर त्याला पहिल्या आठवड्यात हे शिकवले जाते. या पातळीची खूण सोपी आहे: संस्थेच्या कोणत्याही साइटवर जाऊन एकच प्रश्न विचारला, तर उत्तर तेच मिळते.

चौथ्या पातळीवर ते आकडे कपाटात पडून राहत नाहीत. किती बोल्ट किती मिलिमीटर सरकले, कोणत्या टोळीकडे जास्त, सकाळच्या भरणीत जास्त की रात्रीच्या, याचा हिशेब होतो. पाचव्या पातळीवर त्या हिशेबातून पद्धतच बदलते. मापात जास्त चूक चालू शकेल अशी बोल्टची रचना डिझाइनरकडून करून घेतली जाते, किंवा भरणीचा क्रम बदलला जातो. रायगडातल्या बहुतेक मध्यम संस्थांसाठी तिसरी पातळी हे पुरेसे आणि गाठता येण्याजोगे लक्ष्य आहे. पाचव्या पातळीची भाषा करणारा, पण तिसऱ्या पातळीचे तपासणीपत्रक दाखवू न शकणारा ठेकेदार असेल, तर मूल्यमापकाने त्याचे सादरीकरण तिथेच थांबवून साइटवर जायला निघावे.

कागद काय सांगतात

मूल्यमापनाला सुरुवात करताना समोर कागदांचा ढीग येतो. सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी आणि तिचा वर्ग यांतून संस्थेची आर्थिक ताकद आणि आधी केलेली कामे कळतात. आयएसओ ९००१ च्या प्रमाणपत्रावरून कार्यपद्धती लिहिलेली आहे आणि कोणीतरी ती तपासली आहे, इतके समजते. महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) नोंदणीमुळे प्रकल्पाची कायदेशीर कागदपत्रे आणि ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन यांची खात्री पटते. यांतला कोणताही कागद निरुपयोगी नाही, पण एकही परिपक्वतेचा दाखला नाही.

त्यातल्या त्यात महारेराशी निगडित एक गोष्ट मूल्यमापकाला फार कामाची आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष विकासकाला विनामोबदला दुरुस्त करून द्यावे लागतात. म्हणजे प्रत्येक विकासकाकडे गळती, तडे, उखडलेल्या टाइल्स यांच्या तक्रारी येतच असतात. त्या तक्रारींची वही मागावी. वही नसेल तर पहिली पातळी समजावी. असेल, आणि त्यातल्या टेरेसच्या गळतीची माहिती चालू कामाच्या वॉटरप्रूफिंग ठेकेदारापर्यंत पोचलेली दिसली, तर ती संस्था शिकते आहे.

एका स्लॅबचा माग

मूल्यमापनाची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे माग काढणे. संस्थेने निवडून दिलेल्या साइटबरोबरच मूल्यमापकाने स्वतः एक चालू आणि एक पूर्ण झालेले काम निवडावे. प्रत्येक कामातला एकच घटक घ्यावा, समजा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब, आणि त्याच्या मागे शेवटपर्यंत जावे. साइटवर कोणते ड्रॉइंग वापरले? ते शेवटची सुधारणा झालेले होते का, की भिंतीवर जुनेच चिकटवलेले आहे? सळईच्या तुकड्यांचा तक्ता कोणी काढला? भरण्याआधी सळई, कव्हर ब्लॉक, टेके आणि इलेक्ट्रिकचे पाइप तपासल्याची सही आहे का, आणि ती भरणीच्या आधीच्या वेळेची आहे की महिनाअखेर एकदम केलेल्या सह्यांपैकी? शाईचा एकसारखा रंग बऱ्याच गोष्टी बोलून जातो.

मग काँक्रीट. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ४५ घनमीटरच्या स्लॅबसाठी निदान चार नमुने घ्यावे लागतात आणि एका नमुन्यात तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी किमान बारा. साइटवर तीनच क्यूब भरले असतील तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही सुंदर असला तरी प्रश्न तिथेच सुटला. आरएमसीच्या (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) गाडीच्या चलनावर प्लांटमधून निघाल्याची आणि साइटवर रिकामी झाल्याची वेळ लिहिलेली असावी. द्रुतगती मार्गावर कोंडी झाली की खोपोलीच्या आसपास गाडीला किती उशीर होतो, हे इथल्या कोणालाही माहीत आहे. अशा उशिरा आलेल्या गाडीचे साइटवर काय केले जाते, हे पाहावे. ड्रायव्हर गुपचूप पाणी ओततो की इंजिनीअर स्लम्प (काँक्रीटच्या पातळपणाची चाचणी) घेऊन गाडी परत पाठवतो, यात पहिल्या आणि तिसऱ्या पातळीचे अंतर आहे. परत पाठवलेल्या गाडीचे एक जरी चलन फायलीत सापडले, तरी ते डझनभर प्रमाणपत्रांपेक्षा मोलाचे.

क्यूबच्या वहीतली सरासरी सगळे बघतात. मूल्यमापकाने आकड्यांचा विखुरलेपणा, म्हणजे ते एकमेकांपासून किती दूर आहेत, हे बघावे. एम-२५ काँक्रीटमध्ये २५ हा आकडा जेमतेम गाठून भागत नाही. मिश्रण अशा सरासरीवर धरावे लागते की घसरलेले नमुनेही २५ च्या खाली सहसा जाऊ नयेत. मानकातले सूत्र असे: अपेक्षित सरासरी म्हणजे २५ अधिक प्रमाण विचलनाची १.६५ पट. विचलन ४ धरले तर सरासरी ३१.६ येते. वजन करून माल घेणारी, पाणी मोजणारी, वाळूतला ओलावा रोज तपासणारी संस्था विचलन ३.५ पर्यंत आणू शकली, तर तिला ३०.८ ची सरासरी पुरते. जिच्याकडे विचलन ६ आहे तिला ३४.९ लागते. हा फरक सिमेंटने भरून काढावा लागतो आणि तो प्रत्येक घनमीटरला लागतो. म्हणजे अव्यवस्थेचा खर्च काँक्रीटमध्येच पुरला जातो आणि ताळेबंदात कुठेही वेगळा दिसत नाही. मानकाने तर साइटवरचे नियंत्रण ढिले असेल तिथे गृहीत विचलनात आणखी १ मिळवायला सांगितले आहे. मालकांना परिपक्वतेचे महत्त्व पटवायचे असेल तर नीतीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा हे गणित मांडावे.

उलट प्रकारचाही संशय घ्यावा. सहा महिन्यांचे सगळे आकडे ३१ ते ३२ यांच्या दरम्यानच असतील, तर ते क्यूब दाबून आलेले नसून टेबलावर बसून लिहिलेले असण्याची शक्यता मोठी. खऱ्या काँक्रीटचे आकडे थोडे वेडेवाकडे असतात.

माग इथे संपत नाही. पाणी किती दिवस मारले? साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला चौदा दिवसांपर्यंत क्युरिंग करण्याची शिफारस आहे. टेके कधी काढले? साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस, हा नियम साइटवरच्या सेंट्रिंगवाल्याला तोंडी सांगता येतो का? बहुतेक ठिकाणी टेके काढण्याची तारीख पुढच्या मजल्याला प्रॉप कमी पडले त्या दिवसावरून ठरते. मापे आणि बिलांपर्यंत, अगदी पाणी मारणाऱ्या बिगाऱ्याला हजेरी मिळाली का इथपर्यंत, हा माग न्यावा.

मुलाखती खालून वर घ्याव्यात. आधी बिगारी, बार बेंडर, सेंट्रिंगचा मुकादम. मग साइट इंजिनीअर. मालक सर्वांत शेवटी. मालकाने सांगितलेली पद्धत आणि मुकादमाने सांगितलेली पद्धत यांत जितके अंतर, तितकी संस्था खालच्या पातळीवर. मुलाखतीच्या वेळी मालकाचा माणूस शेजारी उभा नसावा, हे वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

पावसाळा आणि माणसे

कर्जत-खालापूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नियोजनाची परिपक्वता तपासायला यापेक्षा चांगली कसोटी नाही. तिसऱ्या पातळीवरची संस्था फेब्रुवारीतच ठरवते की मेअखेर पाया जोत्याच्या वर आला पाहिजे, भरावाची दबाई संपली पाहिजे, पाणी जायला चर खणलेले असले पाहिजेत आणि पावसात आतली कामे करायला जागा तयार असली पाहिजे. पहिल्या पातळीवरच्या संस्थेत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पायाच्या खड्ड्यांत पाणी भरलेले असते आणि डिझेल पंपाचे बिल हाच पावसाळ्याचा आराखडा असतो.

डोंगर उतारावरच्या प्लॉटवर हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली आणि वाडीच गाडली गेली. इर्शाळवाडीचा बांधकामाशी संबंध नव्हता, पण इथली माती आणि पाऊस काय करू शकतात हे त्या रात्रीने दाखवले. ज्या संस्थेने डोंगर कापून बंगल्यांची सपाटी केली आहे, तिच्याकडे कापलेल्या उताराचे डिझाइन, माती परीक्षणाचा अहवाल, संरक्षक भिंतीमागच्या पाण्याला बाहेर काढणारी भोके आणि पावसात उताराची पाहणी केल्याच्या नोंदी मागाव्यात. यातले काहीच मिळाले नाही तर बाकीचे गुण मोजत बसू नये.

माणसांचे कॅलेंडरही पाहावे. जुलैत आवणीला स्थानिक मजूर आपापल्या शेतावर असतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. परप्रांतीय टोळ्या होळीला आणि छटपूजेला गावी जातात. हे दरवर्षी आधीच माहीत असूनही ‘लेबर गेले म्हणून काम थांबले’ हे कारण ज्या संस्थेच्या प्रत्येक अहवालात येते, तिचे नियोजन पहिल्या पातळीवर आहे. टोळीला वेळेवर पैसे मिळतात का, हे टोळीप्रमुखालाच विचारावे. ज्याचे पैसे अडकले आहेत तो सुटीनंतर परत येत नाही आणि आला तरी मन लावून काम करत नाही.

उपठेका आणि सुरक्षितता

बांधकामातली खरी कामे उपठेकेदार करतात, त्यामुळे संस्थेची पातळी तिच्या उपठेकेदारापेक्षा वर असू शकत नाही. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली. तंत्रज्ञान अद्ययावत असलेल्या, मोठ्या कामावर हे घडले. यंत्र उभे करणे, चालवणे आणि तपासणे ही कामे वेगवेगळ्या हातांत विभागलेली असतील, तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार शेवटी कोणाचा, हा प्रश्न मूल्यमापकाने प्रत्येक धोकादायक कामाबद्दल विचारावा. उत्तर नावानिशी मिळाले पाहिजे. ‘सगळ्यांचाच’ हे उत्तर म्हणजे कोणाचाच नाही.

सुरक्षिततेचे गुण देताना हेल्मेट मोजू नयेत. पाहुणे येणार म्हटल्यावर हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर असतात. थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही पाहावी. निसटलेली परांची, तुटलेली दोरी, वरून पडलेला पण कोणाला न लागलेला पाना, अशा नोंदी तिथे असतील तर लोक बोलायला घाबरत नाहीत. ‘आमच्याकडे आजवर काहीच झाले नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेत बहुधा लिहिण्याची सोय नसते. कामगारांची कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी करून देण्यासाठी संस्था मदत करते का, हेही याच पानावर यावे.

दर्जाचे परिणाम किती उशिरा दिसतात याचे उदाहरण रायगडातच आहे. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली ‘तारिक गार्डन’ इमारत कोसळली आणि सोळा जण मृत्युमुखी पडले. इमारतीचे वय दहा वर्षेही नव्हते. ताबा देऊन, बिले वसूल करून झाल्यावरही संस्थेच्या जुन्या इमारतींची स्थिती पाहायला जाणारे कोणी आहे का, ही तपासणीतली एक ओळ असायलाच हवी.

गुण आणि निकाल

नियोजन, गुणवत्ता, उपठेका व्यवस्थापन, सुरक्षितता, कामातले बदल आणि जादा कामांची नोंद, पैशाची शिस्त आणि शिकणे, अशी सात क्षेत्रे मध्यम संस्थेला पुरतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि प्रत्येक गुणासमोर पुरावा: कोणत्या साइटची कोणती वही, कोणते पान. पुरावा नसलेला गुण खोडावा. दोन मूल्यमापकांनी आपापले गुण स्वतंत्रपणे द्यावेत आणि मगच एकत्र बसावे. जिथे दोघांत दोन गुणांचा फरक पडतो, तिथे पुन्हा साइटवर जावे.

सरासरी काढण्याचा मोह टाळावा. समजा एका संस्थेला नियोजन ३, गुणवत्ता ३, उपठेका १, सुरक्षितता २, बदल २, पैसा ३ आणि शिकणे १ असे गुण मिळाले. सरासरी दोनच्या वर जाते आणि मालक समाधानी होतो. प्रत्यक्षात ती संस्था पहिल्या पातळीवर आहे, कारण उत्तम नियोजन अमलात आणणारा उपठेकेदार तिच्या ताब्यात नाही. निकाल सर्वांत कमी गुणावरून द्यावा आणि सातही आकडे शेजारी शेजारी दाखवावेत.

मूल्यमापन कशासाठी चालले आहे हे आधी ठरवावे आणि दोन हेतूंची सरमिसळ करू नये. ठेकेदार निवडण्यासाठी गृहनिर्माण संस्था किंवा कारखान्याचा मालक तपासणी करतो, तेव्हा समोरचा सजवूनच दाखवणार. तिथे माग काढण्यावर भर हवा आणि भेट आगाऊ न कळवता व्हावी. संस्था स्वतःच्या सुधारणेसाठी तपासणी करते, तेव्हा कमी गुणांवरून कोणाची पगारवाढ रोखली जाणार नाही याची हमी आधी द्यावी. नाहीतर तपासणीपत्रके त्या दिवसापासून खोटी भरली जातील.

निकालानंतर सुधारणेला दोनच विषय घ्यावेत आणि एकाच साइटवर. सुरुवात बहुधा उपठेका किंवा बदलांची नोंद यापासून करावी, कारण पैसा तिथेच सांडतो. मालकाने साइटवर उभे राहून तोंडी सांगितलेला बदल त्याच दिवशी लिहून, फोटोसह, दोघांच्या सहीने पक्का करणे एवढी एक सवय लागली, तरी शेवटच्या बिलावरची निम्मी भांडणे संपतात. लहान ठेकेदाराला यासाठी सल्लागाराची गरज नाही: बांधलेली वही, पाने क्रमांकित केलेली, आणि ती रोज संध्याकाळी भरणारा एक माणूस. सहा महिने ती वही अखंड राहिली, तर दुसऱ्या पातळीचा पाया पडला असे समजावे.

या पट्ट्यात पहिली तपासणी ऑगस्टमध्ये करावी. नियोजन, उतार, साठवण आणि माणसे यांतले सगळे कच्चे दुवे तेव्हा उघड्यावर असतात आणि ऑक्टोबरला पाऊस उघडून कामांचा हंगाम सुरू होईपर्यंत दुरुस्तीला वेळ मिळतो. दुसरी तपासणी पुढच्या ऑगस्टमध्ये, त्याच मूल्यमापकांनी, पण सुधारणा ज्या साइटवर केली ती सोडून दुसऱ्या साइटवर घ्यावी. तिथे सुधारणा दिसली नाही, तर गुण वाढवू नयेत.